न मोडलेला जोड

खुर्ची बनवणारे पुष्कळ असतात, खुर्चीत बसणारे त्याहून पुष्कळ. मोड्याचं काम खुर्ची मोडायचं होतं, आणि त्याबद्दल त्याला दरमहा पगार मिळायचा. फर्निचरच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला, गोदामाला लागून, त्याची चाचणीची खोली होती. तिथे वाळूनं भरलेलं एक पोतं साखळीला टांगलेलं असे. ते खुर्चीवर आपटायचं, उचलायचं, पुन्हा आपटायचं, खुर्ची मोडेपर्यंत. शेजारी एक लोखंडी हात दिवसभर एकच ड्रॉवर उघडबंद करत असे. मोड्या मधे स्टुलावर बसून कान देऊन ऐकायचा. लाकूड मोडण्याआधी एक बारीक आवाज करतं, आणि तो आवाज पोत्याच्या धपाधपीतूनही त्याला बरोबर ऐकू येई. मग तो मशीन बंद करून लिहायचा: डावा मागचा पाय, सांध्यापाशी.

खुर्ची मोडलीच नाही तर तो लिहायचा, 'चाचणीच्या मर्यादेत मोडली नाही.' 'चांगली आहे' असं त्यानं जन्मात कधी लिहिलं नव्हतं, आणि म्हटलंही नव्हतं. लग्नात कुणीतरी कौतुकानं विचारलं, "काय, कशी आहे बायको?" तर हा म्हणाला, "अजून तरी काही दोष दिसला नाही." ती गोष्ट बायको अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मुलगी झाली तेव्हा नर्सनं बाळ हातात दिलं, यानं हातापायांची बोटं मोजली आणि "पूर्ण आहे" म्हणून परत केलं. आता ती मुलगी दूरच्या शहरात नोकरी करते. बापाचा फोन उचलला की आधी "बाबा, मी पूर्ण आहे" म्हणते, आणि मग बाकीचं बोलते.

कारखान्याचा आणखी एक नियम होता, आणि तो मोड्याला देवाच्या वाक्यासारखा होता. प्रत्येक नव्या खुर्चीचे दोन नग यायचे. एक मोडायचा. दुसरा प्लॅस्टिकमधे गुंडाळून, चिकटपट्टी लावून कपाटात ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. उद्या कुणी तक्रार केलीच तर दाखवायला हवं, की जी मोडली तिचा हा सख्खा भाऊ, अगदी जसाच्या तसा. त्या कपाटात कित्येक वर्षांच्या खुर्च्या होत्या, ज्यांच्यावर कधी कुणी बसलंच नव्हतं. मोड्याला त्यांचा फार अभिमान होता.

त्याची बायको दातांच्या लॅबमधे कवळ्या बनवायची. तिचं सगळं उलटं. मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. "कवळी कितीही मापात असू दे," ती जेवताना नेहमी म्हणायची, "पहिले काही दिवस चावतेच. तोंडात रुळली की मग बसते." मोड्या मान डोलवायचा. कवळीवर पोतं आपटत नाहीत, तेव्हा ते काही खरं परीक्षण नव्हे, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. पण संसार करायचा तर काही मतं पोटातच ठेवावी लागतात.

या बायकोला धावायचा नाद लावला तो मोड्याच्या थोरल्या बहिणीनं. तिला सगळं घर ताई म्हणतं, आणि ती सगळ्या घराला कामाला लावते. गावाच्या डोंगर-शर्यतीत दोघी नणंदा-भावजया गेल्या वर्षी उतरल्या. शर्यत पुलापासून निघते, बराच वेळ डांबरी रस्त्यानं जाते, मग पायवाटेनं डोंगरावर चढते आणि पलीकडून ओढ्याच्या कडेच्या दगडांवरून खाली येऊन पुन्हा रस्त्याला लागते. त्या दगडांवर बायकोचा पाय सटकला. पायात रस्त्यावरचे गुळगुळीत तळाचे बूट होते. पडताना तिनं उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. पुढे कितीतरी दिवस तिला मेण कोरायची सुरी धरता आली नाही. ती खिडकीशी बसून रिकामी बोटं मिटायची, उघडायची. मोड्या ते बघायचा आणि त्याला कारखान्यातला लोखंडी हात आठवायचा, आणि मग तो उठून उगाचच पाणी प्यायचा.

या वर्षी शर्यतीची तारीख लागली तेव्हा बायको भाजी चिरत होती. सुरी न थांबवता ती म्हणाली, "मी जाणार आहे."

"बरं," मोड्या म्हणाला.

"बूट तुम्ही निवडा. रस्त्यावरही धावता आलं पाहिजे आणि त्या दगडांवरही."

"मी?"

"दिवसभर तेच तर करता ना? आणि देताना मला एवढंच सांगा, चांगला आहे म्हणून. मर्यादेत आणि चाचणीत नको. नुसतं चांगला." आता तिनं सुरी खाली ठेवली. "मला भीती वाटते हो त्या दगडांची. तुम्ही म्हणालात चांगला आहे, तर मी उतरेन. नाही म्हणालात तर रस्ता संपतो तिथून मागे फिरेन, आणि मग पुन्हा काही मी त्या डोंगराकडे बघायची नाही."

मोड्यानं मान हलवली. एका शब्दाचं काम होतं. त्या एका शब्दानं त्याची झोप उडाली.

बुटांच्या दुकानात डाव्या भिंतीवर रस्त्याचे बूट होते आणि उजव्या भिंतीवर डोंगराचे. विक्रेता मधल्या खुर्चीत बसला होता. मोड्याच्या कारखान्याचीच खुर्ची होती ती, उजव्या हाताचा स्क्रू ढिला.

"रस्ता की डोंगर?" विक्रेत्यानं विचारलं.

"दोन्ही."

"मग दोन जोड घ्या. रस्त्याला एक, डोंगराला एक."

"शर्यतीत मधेच बसून बूट कोण बदलतं?" मोड्या म्हणाला. याला धावण्यातलं काही कळत नसावं, असं त्याला वाटलं.

रस्त्याचा बूट हलका होता, तळाला लोण्यासारखी उशी, पण खाली बोट फिरवलं तर घसरलं. तो बाद. डोंगराच्या बुटाला बोटाच्या पेराएवढ्या खाचा होत्या. तो मोड्यानं दुकानाच्या फरशीवर आपटला, तर टपटप टाइल वाजल्या आणि गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. एवढा वेळ डांबरावर असं आपटत गेलं तर डोंगर यायच्या आधी गुडघे निघून जातील. तोही बाद. शेवटी विक्रेत्यानं अगदी खालच्या फळीवरून एक राखाडी जोड काढला. खाचा आखूड पण दाट, रबर जरा चिकट, अंगठ्यापाशी रबराचं टोपण, वर जाळी.

"हा दोन्हीकडे चालतो," विक्रेता म्हणाला.

"चालतो म्हणजे?"

"चालतो म्हणजे चालतो!"

मोड्यानं बूट वाकवला. ओलं फडकं पिळावं तसा पिळला. नखानं रबर दाबलं, सांध्याला नाक लावून गोंदाचा वास घेतला.

"साहेब, आधी विकत घ्या," विक्रेता कळवळला, "मग काय ते पिळा."

मोड्यानं बुटाच्या जिभेच्या आत छापलेला नंबर वाचला आणि त्याच नंबरचा दुसरा जोड मागितला. नवरा-बायकोच्या पायाचं माप एकच होतं. तिचा पाय मोठा, याचा पुरुषाच्या मानानं लहान, त्यामुळे घरात चपला कुणाच्या कुणी घालाव्यात अशी जन्माची सोय झाली होती.

"वा, जोडीनं धावणार तर!" विक्रेता खूश झाला.

"नाही," मोड्या म्हणाला. "एक मोडायचाय."

घरी आल्यावर एका जोडाच्या खोक्याला त्यानं चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि ते कपाटात पांघरुणांच्या मागे सारलं. दुसरा जोड जिन्याखाली जुन्या बादलीत लपवला. बायकोला सांगितलं, की नवीन खुर्ची आलीय, महिनाभर पहाटे जावं लागेल.

पहिल्या दिवशी तो शर्यतीच्या वाटेनं चालत गेला. पण चालण्यानं बुटावर धावण्याएवढा भार पडत नाही, म्हणजे ती चाचणीच नव्हे. दुसऱ्या दिवशी नाइलाजानं धावला. पहिल्या विजेच्या खांबापाशी त्याला मोडण्याआधीचा बारीक आवाज आला. तो थांबून बूट तपासायला लागला. बूट ठणठणीत होते. आवाज त्याच्या गुडघ्याचा होता.

तरी तो धावत राहिला, कारण पोतं मधेच थांबवता येत नाही. रस्त्यावर धावला, खडीवर धावला, डोंगराच्या मातीत धावला. धाप लागायची, नाकी नऊ यायचे, रस्ता झाडणाऱ्या बाया त्याला "काका, कुणी मागे लागलंय का?" असं विचारायच्या. ओढ्यापाशी तो त्याच दगडावर जाऊन उभा राहायचा जिथे बायको पडली होती. दगड ओला करायचा आणि मुद्दाम पाय सटकवायचा प्रयत्न करायचा. टाच आधी टेकली तर सटकत होता. चवडा आधी टेकला तर बूट दगडाला धरून राहत होता. हे तो पुन्हा पुन्हा करी. एकदा चांगलाच आपटला आणि कंबर धरून बसला, आणि त्या थंड दगडावर बसल्या बसल्या त्याला बायको त्या दिवशी कशी पडली असेल ते नीट कळलं. तो बराच वेळ उठला नाही.

दिवस जात राहिले तसा श्वास पुरायला लागला. पँट ढिली झाली. कारखान्यात कुजबुज सुरू झाली, की मोड्याला काहीतरी दुखणं झालंय. तिसऱ्या आठवड्यात डाव्या बुटाच्या पुढच्या टोकाला गोंद सुटायला लागला, आणि मोड्याच्या जिवात जीव आला. वस्तू कुठे मोडणार हे एकदा कळलं की त्याला कसं शांत वाटायचं.

त्याच सुमारास जेवताना बायकोनं विचारलं, "नव्या खुर्चीचं कसं चाललंय?"

"अजून मोडली नाही."

"मऊ झाली का?"

"खुर्ची?"

"खुर्चीच," ती म्हणाली आणि ताटात बघून हसली. का हसली ते मोड्याला कळलं नाही. माणसांचा बारीक आवाज त्याला कधीच ऐकू आला नव्हता.

शर्यतीच्या सकाळी त्यानं कपाटातून खोकं काढलं, बायकोसमोर ठेवलं आणि चिकटपट्टी कापली. आतून नव्या गोंदाचा वास आला. बायको बुटाकडे बघत राहिली, मग मोड्याकडे.

"हा?"

"हाच. हात लागलेला नाही."

"हातसुद्धा नाही?"

"अजिबात नाही," मोड्या अभिमानानं म्हणाला.

तिचा चेहरा का पडला ते त्याला समजेना. तिनं बूट घातले, उभी राहिली, चवड्यांवर दोनदा उंच झाली. "चांगला आहे का?" तिनं विचारलं.

मोड्यानं तोंड उघडलं. 'याच्या सख्ख्या भावाची तिसऱ्या आठवड्यात डावी पुढची कड...' एवढं सगळं जिभेवर आलं आणि तिथेच घोडं अडलं. तेवढ्यात खाली ताईनं गाडीच्या हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. बायको थोडा वेळ थांबली. मग जिना उतरून गेली.

मोड्यानं जिन्याखालच्या बादलीतला जोड पायात घातला आणि जवळच्या वाटेनं, धावतच, डांबर संपून डोंगराची वाट सुरू होते तिथे जाऊन उभा राहिला. तिथे एका टेबलावर पाण्याचे पेले मांडले होते. माणसं येत होती, पाणी पीत होती, वर जात होती. त्याला वाटत होतं, शब्द तिला इथेच देऊन टाकावा, म्हणजे ती मागे फिरणार नाही. तो मनातल्या मनात म्हणून बघत होता. मनातसुद्धा नीट येत नव्हता.

बायको आली ती लंगडत. कठड्यावर बसली आणि तिनं बूट काढला. मोज्याची टाच लाल झाली होती.

"चावला," ती म्हणाली.

"असं कसं? त्यात काही दोष नाही," मोड्या खाली बसून बूट उलटासुलटा करत म्हणाला. "कोरा करकरीत आहे."

"कोरा आहे म्हणूनच चावला ना! कवळीचं किती वेळा सांगितलंय तुम्हाला? मला वाटलं, तुम्ही महिनाभर माझ्यासाठी बूट मऊ करताय."

"तुला माहीत होतं?"

"कारखान्यातल्या खुर्चीला ओढ्याचा चिखल लागतो का हो? मोजे मीच धुते घरातले." तिचे डोळे भरले होते, रागानं की दुखण्यानं की आणखी कशानं. "बादलीतले बूट मी पाहिले होते. म्हटलं, यांना बोलता येत नाही, पण माझे बूट घालून रोज त्या दगडांवर जातायत. आणि सकाळी तुम्ही हे खोकं आणून ठेवलंत."

कपाटातल्या सगळ्या खुर्च्या, प्लॅस्टिकमधे गुंडाळलेल्या, मोड्याच्या डोळ्यांपुढे येऊन गेल्या. एवढ्या वर्षांत त्यातली एकही कुणाच्या पाठीला रुळली नव्हती. त्यानं खाली वाकून स्वतःच्या पायातले बूट सोडले आणि तिच्यासमोर ठेवले.

बायकोनं टाचेला रुमालाची घडी लावली आणि पाय आत घातला. पाय अलगद गेला. मग तिनं दात तपासावा तसा डाव्या बुटाच्या टोकावरून अंगठा फिरवला. सुटलेला गोंद तिला लगेच सापडला.

"इथे उघडतंय."

"हो."

"मधेच फाटला तर?"

मोड्यानं तिच्या पायासकट बूट हातात धरला, वाकवला, कान लावला. कारखान्यात असता तर त्यानं हा नग तेव्हाच बाद केला असता. किती टिकेल हे लिहायची पद्धत नव्हती, कुठे मोडला एवढंच लिहायचं होतं. आज कुणी लिहायला सांगत नव्हतं. समोर त्याची बायको बसली होती, आणि पलीकडे तो दगड होता. त्याला तो गोंद ठाऊक होता, तो दगड ठाऊक होता. उतार संपेपर्यंत बूट टिकेल असं त्याला वाटत होतं. नुसतं वाटत होतं, आणि वाटण्याच्या जोरावर त्यानं आजवर काही केलं नव्हतं.

"चवडा आधी टेक," तो म्हणाला. "टाच नाही."

"ते झालं. पण आहे कसा?"

"चांगला आहे," मोड्या म्हणाला. "चांगला आहे. जा तू."

एवढ्यात ताई धापा टाकत पोचली. भावजय कठड्यावर, भाऊ मोज्यांवर, मधे चार बूट. "अरे, बूट बदलायला घर कमी पडलं का तुम्हाला?" ती ओरडली आणि पाण्याचा पेला डोक्यावर ओतून पुढे निघाली. बायकोनं नाडी आवळली आणि तिच्यामागून वर गेली. वळणावर तिनं मागे बघितलं नाही. पाय जपून टाकत होती, चवडा आधी.

मोड्यानं नवे बूट घातले आणि तिच्या बऱ्याच मागून डोंगर चढायला लागला. माथ्यावर येऊन थांबला. खाली ओढ्याकडची वाट झाडीत होती, तिथलं काही दिसत नव्हतं. तो कान देऊन उभा राहिला. सगळा जन्म त्यानं मोडण्याचा आवाज यावा म्हणून कान दिला होता. आज पहिल्यांदा तो येऊ नये म्हणून देत होता, आणि हे काम त्याला भलतंच जड गेलं. खाली कुणी ओरडलं की तो एक पाऊल पुढे टाकायचा. ओढ्याचं पाणी वाजत होतं. बाकी काही आलं नाही.

मग तोही उतरला. नवे बूट आता त्याच्या टाचा खात होते. तो ज्या दगडावर महिनाभर सटकला होता, त्याच्या मधोमध ओल्या मातीत एक ठसा उमटला होता, दाट आखूड खाचांचा. फक्त चवड्याचा. मोड्या त्या ठशाला वळसा घालून पुढे गेला.

शर्यत संपते त्या मैदानावर तो पोचला तेव्हा बायको गवतात पाय पसरून बसली होती. डाव्या बुटाचा तळ पुढून सुटून जबड्यासारखा लोंबत होता आणि त्यातून तिचा मोजा बाहेर डोकावत होता.

"कुठे मोडला?" मोड्यानं आधी विचारलं.

"पुलावर. अगदी शेवटी, सपाट रस्त्यावर. तशीच फटफट करत आले."

"हा असला कसला बूट आणलास रे?" ताई म्हणाली. "जरा बघून तरी घ्यायचा. फेकून दे तो."

"चांगला आहे तो," मोड्या म्हणाला आणि बायकोच्या पायातून बूट अलगद काढून मांडीवर घेतला.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. आपल्या भावाला उन्हाचा त्रास झाला असावा असं वाटून ती पाणी आणायला गेली.

बायकोनं त्याची लाल झालेली टाच पाहिली. उजव्या हाताचं मनगट एकदा गोल फिरवून दाखवलं, बोटं मिटली, उघडली. "आणि मी?" तिनं विचारलं. "मी कशी आहे?"

लग्नातलं उत्तर आपणहून त्याच्या जिभेवर येऊन बसलं होतं. त्यानं ते गिळलं. केसांत पानं अडकलेली, गुडघ्यापर्यंत चिखल, टाचेला रक्तानं माखलेला रुमाल, अशी ती समोर बसली होती.

"तू फार चांगली आहेस," मोड्या म्हणाला.

"लवकर सांगितलंत," ती म्हणाली, आणि रुमाल सोडून त्याची कोरडी बाजू त्याच्या टाचेला बांधायला लागली.